'मेन पाडू नको, चालूवरच कर' असं ट्रेनीला सांगितलं तर

गेल्या दोन महिन्यांत तीन पोरांनी मला जवळपास एकच प्रश्न विचारला. एक कोल्हापूरजवळच्या शिरोली एमआयडीसीत अप्रेंटिस आहे, एक गोकुळ शिरगावात, आणि तिसरा कंपनीत नाही, इचलकरंजीकडं एका वायरमनच्या हाताखाली लूमच्या मोटरींचं काम शिकतोय. प्रश्न असा की दादा, मिस्त्री म्हणत्यात मेन पाडू नको, प्रॉडक्शन थांबतंय, चालू लाईनवरच कॉन्टॅक्टर बदल, ध्यान देऊन केलं की काय होत न्हाय, तर मी काय करू? (मेन पाडणं म्हंजे मुख्य स्विच बंद करणं, आणि कॉन्टॅक्टर म्हंजे मोटर चालू-बंद करणारा मोठा स्विच.) आणि तिघांनीही शेवटी हेच विचारलं, "मला भ्या वाटतंय म्हंजे हे काम मला जमणार न्हाय का?"

मी १९ वर्षं फाउंड्रीच्या मेंटेनन्समध्ये आहे. माझं उत्तर एका शब्दात आहे, नको. ट्रेनीनं चालू लाईनवर रिपेअरचं काम करायचं नाही, मग मिस्त्री बाजूला उभा असू दे नाहीतर मॅनेजर. आणि भीती वाटते ती बरोबर वाटते, ज्याला वाटत नाही त्याच्या हाताखाली काम करायला मलाच भीती वाटते. पण नुसतं 'नको' म्हणून भागत नाही हे मला पण माहितीय, कारण समोर मिस्त्री उभा असतो, लाईन चालू असते, सुपरवायझर घड्याळ बघत असतो, आणि आपल्याला नोकरी लागून जेमतेम चार महिने झालेले असतात. तेव्हा नको का, ते आतनं कळलेलं असलं तरच तोंडातनं शब्द फुटतो. म्हणून जरा सविस्तर लिहितोय.

पहिली गोष्ट म्हणजे माणूस मरायला करंट किती लागतो. आपण सगळे व्होल्टेजच्या भाषेत बोलतो, सिंगल फेज २३०, थ्री फेज ४१५, पण अंगाचं नुकसान होतं ते अंगातनं किती करंट गेला, कुठनं गेला आणि किती वेळ गेला यावर. आणि हे आकडे इतके बारीक आहेत की मिलीअँपिअरमध्ये मोजतात, म्हंजे एका अँपिअरचा हजारावा भाग. एक मिलीअँपिअरला नुसत्या झिणझिण्या येतात. दहाच्या आसपास हाताचे स्नायू आखडतात आणि पकडलेली वायर सुटत नाही, त्यालाच आपण 'चिकटला' म्हणतो. करंट माणसाला ओढून धरतो असं लोकांना वाटतं, तसं काही नसतं, मूठ मिटणारे स्नायू मूठ उघडणाऱ्या स्नायूंपेक्षा ताकदीचे असतात आणि करंट दोन्हींना एकदमच आखडवतो, त्यामुळं मूठ मिटूनच राहते. तीसच्या पुढं छाती आवळली जाते, श्वास घेता येत नाही. आणि पन्नास ते शंभरच्या घरात, एखादा सेकंद जरी छातीतनं गेला, तरी हृदयाचा ठोका विस्कटू शकतो, म्हंजे हृदय नुसतं थरथरत राहतं, रक्त पुढं ढकलतच नाही. आता ताडून बघा, घरातला ९ वॅटचा एलईडी बल्ब निदान ४० मिलीअँपिअर घेतो. एवढासा बल्ब.

मग आपल्या अंगातनं किती जाईल? कोरडी कातडी बराच विरोध करते, पण २३० व्होल्ट लागला की कातडीचा तो विरोध टिकत नाही, आणि घामेजलेला हात असेल तर एका हातातनं दुसऱ्या हातात जाताना साधारण हजार ओहम धरून चालायचं. २३० भागिले १०००. ओहमचा नियम आयटीआयच्या पहिल्या महिन्यात पाठ केलेला असतो, तोच इथं लावा, २३० मिलीअँपिअर आले. जीव घ्यायला लागतात त्याच्या दुपटीहून जास्त. आणि एप्रिल-मे मध्ये फाउंड्रीत भट्टीजवळ कोरडा हात कुणाचा असतो ते मला दाखवा.

इथं पोरं म्हणतात, पण दादा, एमसीबी (करंट जादा झाला की आपोआप पडणारा स्विच) हाय की, ट्रिप हुईल. नाही होणार. हे डोक्यात नीट बसवून घ्या कारण ह्या एका गैरसमजानं माणसं गेलीत. १६ अँपिअरची सी टाईप एमसीबी लगेच पडायला तिच्यातनं पाच ते दहा पट, म्हंजे ८० ते १६० अँपिअर जावे लागतात. तुमच्या अंगातनं जातोय पाव अँपिअर. तिच्या दृष्टीनं तुम्ही एक ट्यूबलाईट आहात. एमसीबी असते ती वायर जळू नये म्हणून, माणसासाठी नाही. जुन्या किटकॅट फ्यूजचं तर विचारूच नका, शेतातल्या पेटीत फ्यूजवायर म्हणून फ्लेक्सची अख्खी पिळी घातलेली मी कितीतरी ठिकाणी बघितलीय.

माणसासाठी असते ती आरसीसीबी, ३० मिलीअँपिअरवाली. ती आत गेलेला करंट आणि परत आलेला करंट यांचं वजन केल्यासारखं करते, आत ५ अँपिअर गेले आणि परत ५ आले तर गप्प, पण तीसएक मिलीअँपिअर कुठंतरी गळाले, म्हंजे तुमच्या पायातनं जमिनीत गेले, की खटकन पडते. चांगली वस्तू आहे, घरी नसेल तर बसवा. पण पॅनलमध्ये काम करणाऱ्या माणसाला एक गोष्ट कळली पाहिजे. एका हातात फेज आणि दुसऱ्या हातात न्यूट्रल आला तर गळती काहीच होत नाही, जेवढा गेला तेवढा परत आला, फक्त वाटेत तुमची छाती होती. आरसीसीबी पडणार नाही. दोन फेज दोन हातात आले तरी तेच, आणि तिथं ४१५. शिवाय कारखान्यात बऱ्याच ठिकाणी १०० किंवा ३०० मिलीअँपिअरची बसवलेली असते, ती आग लागू नये म्हणून असते, तिच्यावर माणसानं भरवसा ठेवायचा नाही.

आता मिस्त्रीचं नेहमीचं बोलणं घेऊ. "पंचवीस वर्सं झाली, शंभरदा शॉक खाल्लाय, काय झालं मला?" मी हे खोटं म्हणत नाही, खाल्ले असतील. पण त्या शंभर वेळा नेमकं काय होतं ते बघा, कधी पायात जाड सोलचा बूट होता, कधी हात कोरडा होता, कधी बोटाची मागची बाजू लागली आणि हात आपोआप झटकला गेला, कधी करंट त्याच हाताच्या दोन बोटांतनं गेला आणि छातीपर्यंत पोचलाच नाही. ह्यातलं काहीही मिस्त्रीनं ठरवून केलेलं नसतं. त्याच जागी, तीच चूक, फक्त खाली कूलिंगच्या पाण्याचं थारोळं असेल तर एकशे एकावा शॉक वेगळा असतो. शरीराला शॉकची सवय लागत नाही. मिस्त्रीच्या हातातलं कसब खरं आहे, ते शिकायचंच आहे आपल्याला, पण त्याचं नशीब शिकता येत नाही.

एक बारकी गोष्ट मध्येच सांगतो नाहीतर राहून जाईल. हातातलं कडं, बोटातली अंगठी, गळ्यातली चांदीची चेन, घड्याळ, सगळं काढून लॉकरमध्ये ठेवायचं. आपल्याकडं चांदीच्या कामाचं हुपरी जवळ, पोरांच्या गळ्यात चांदी असतेच, आणि सगळ्या धातूंत वीज सगळ्यात चांगली वाहून नेणारा धातू चांदीच आहे. वाकल्यावर चेन बसबारवर, म्हंजे पॅनलमधल्या उघड्या जिवंत पट्टीवर, पडायला किती वेळ लागतो.

तर हे झालं शॉकचं. पण कारखान्यात दुसरा एक धोका आहे ज्याला हात लावावा पण लागत नाही, आणि ट्रेनी पोरांना त्याबद्दल कुणी सांगतच नाही. पाना हातातनं सुटला आणि दोन बसबारच्या मध्ये पडला तर काय होतं? घरात शॉर्ट झालं तर फट्ट होऊन एमसीबी पडते, कारण लांबनं बारीक वायरीतनं येणारा करंट त्या मानानं कमी असतो. पण कंपनीचा स्वतःचा ५०० केव्हीएचा ट्रान्सफॉर्मर असेल तर त्याचा पूर्ण लोडचा करंट साधारण ६६७ अँपिअर असतो, आणि ट्रान्सफॉर्मरच्या अगदी जवळ शॉर्ट झालं तर पंधराएक हजार अँपिअर वाहू शकतात. तांबं १०८५ अंशाला वितळतं, ह्या जाळात ते नुसतं वितळत नाही, त्याची वाफ होते. आगीचा गोळा, वितळलेल्या तांब्याचे शिंतोडे आणि कानठळ्या बसवणारा दणका, हे सगळं डोळ्याची पापणी लवायच्या आत. ह्याला आर्क फ्लॅश म्हणतात. माणूस शॉक न लागता भाजतो, आणि पॉलिस्टरचा शर्ट असेल तर तो वितळून कातडीला चिकटतो. म्हणून पॅनलचं दार उघडताना तोंड समोर ठेवायचं नाही आणि मेंटेनन्सला सुती कपडेच घालायचे, हे मला माझ्या पहिल्या सुपरवायझरनं शिकवलं आणि त्याचे उपकार मी विसरत नाही.

आता येतो मूळ मुद्द्यावर, कारण 'चालूवर करणार नाही' म्हणणारी पोरं पण इथं फसतात. मी स्वतः फसलो होतो. दुसरं वर्ष होतं, एका फाउंड्रीत कूलिंग पंपाच्या स्टार्टरचं काम होतं. मिस्त्री म्हणाला, "पाडलंय मी, कर जा." मी पण शहाणा, टेस्टर लावून बघितला, तिन्ही फेजवर लाईट नाही. उजव्या हातात स्क्रू ड्रायव्हर घेऊन आतली एक वायर सोडवायला लागलो, डावा हात पॅनलच्या दारावर, आणि असा दणका बसला की मागच्या रॅकवर जाऊन आदळलो. कोपराला सात टाके पडले. नंतर कळलं की पंपाची पॉवर खरंच बंद होती, पण भट्टीच्या इंटरलॉकसाठी (एक यंत्र चालू असल्याशिवाय दुसरं चालू होऊ नये अशी जोडणी) एक २३० व्होल्टची कंट्रोल वायर दुसऱ्याच पॅनलमधनं तिथं आली होती, आणि ते पॅनल चालू होतं. मिस्त्री खोटं बोलला नव्हता. मी टेस्टर लावला तो पण खरा होता, फक्त मी चुकीच्या जागी लावला. आज चांगल्या पॅनलमध्ये अशी बाहेरनं आलेली वायर केशरी रंगाची घालतात, म्हंजे बघणाऱ्याला कळावं की हा मेन पाडला तरी ही वायर जिवंत असेल. तेव्हा त्या पॅनलमध्ये सगळ्या वायरी करड्या होत्या.

तेव्हापासनं मी एक गोष्ट धरून ठेवलीय आणि माझ्या हाताखालच्या प्रत्येक पोराला तीच सांगतो, की 'बंद आहे' हे दुसऱ्यानं सांगितलेलं सांगणं असतं, ते तपासून सिद्ध होईपर्यंत लाईन चालूच धरायची. आणि सिद्ध करायचं ते ज्याचा हात आत जाणार आहे त्यानं.

कुठनं कुठनं लाईट परत येऊ शकते बघा. आपण फीडरची, म्हंजे एका यंत्राकडं जाणाऱ्या शाखेची, एमसीसीबी (मोठी एमसीबी) पाडतो, तिच्या खालची बाजू मरते, पण वरची बाजू आणि मागचा बसबार जिवंतच असतो, त्याच पॅनलमध्ये, तुमच्या मनगटापासनं चार बोटांवर. म्हणून फीडर पाडून कॉन्टॅक्टर बदलणं हे पण बऱ्याचदा अर्धं चालूवरचंच काम असतं. मग जनरेटर, लाईट गेली की चेंजओव्हरनं आपोआप चालू होतो. गावाकडं कुणीतरी घरच्या सॉकेटमधनं जनरेटर जोडतो आणि ती लाईट उलटी डीपीत जाऊन ट्रान्सफॉर्मरमधनं ११ हजार व्होल्ट होऊन खांबावरच्या माणसाला लागते, हे तर वेगळंच पाप. यूपीएस, इन्व्हर्टर, आता छतावरचं सोलर पण आलं. शेतातल्या मोटरीचं म्हणाल तर आपल्याकडं स्टार्टरला ऑटो असतं, शेतीची थ्री फेज ठरलेल्या वेळी येते आणि आली की मोटर आपोआप सुरू व्हावी म्हणून. माणूस 'आत्ता लाईट नाही' म्हणून पेटीत हात घालतो. लाईट गेलेली असणं म्हणजे बंद करणं नव्हे, गेलेली लाईट कधी येणार हे तुमच्या हातात नसतं.

कॅपॅसिटर, म्हंजे वीज साठवून ठेवणारा डबा, हा आणखी एक. पॉवर फॅक्टरच्या पॅनलमधले कॅपॅसिटर मेन पाडल्यावर पण भरलेले राहतात. त्यांच्यात डिस्चार्ज रेझिस्टर असतात, ते तीन मिनिटांत ७५ व्होल्टच्या खाली आणायला पाहिजेत असा मानकाचा हिशोब आहे, पण रेझिस्टर जळलेला असेल तर? ड्राईव्हचं, म्हंजे मोटरीचा वेग कमी-जास्त करणाऱ्या पेटीचं, तसंच, आतल्या डीसी बसवर साडेपाचशे व्होल्टच्या वर असतात, ड्राईव्हवर किती मिनिटं थांबायचं ते छापलेलं असतं, तेवढं थांबायचं आणि मग मीटर डीसीवर करून मोजायचं. एसीवर ठेवून मोजलं तर शून्य दाखवेल आणि तुम्ही खूश होऊन हात घालाल. इंडक्शन भट्टीच्या कॅपॅसिटर बँकेजवळ तर ट्रेनीनं जायचंच नाही, ते काम त्याच भट्टीचं शिक्षण घेतलेल्या माणसांचं आहे.

आणि न्यूट्रल. 'न्यूट्रलला काय होत न्हाय' हे वाक्य ज्यानं पहिल्यांदा म्हटलं त्यानं लै वाटोळं केलंय. न्यूट्रल जोडलेला असतो तोवर त्याच्यावर फारसा व्होल्टेज नसतो, पण तुम्ही तो सोडवला की लोडकडच्या टोकावर बल्बातनं, मोटरीतनं फेज येऊन बसतो. सुटलेला न्यूट्रल हा फेजच समजायचा.

आता तपासायचं कसं. खिशातला निऑनचा टेस्टर बंद आहे हे सिद्ध करायला चालत नाही. तो तुमच्या अंगातनं जमिनीकडं जाणाऱ्या अगदी बारीक करंटवर पेटतो, त्यामुळं तुम्ही कोरड्या लाकडी स्टुलावर उभे असाल तर नीट पेटत नाही, उन्हात पेटलेला दिसत नाही, आणि आतला निऑन गेला असेल तर ४१५ वर पण गप्प बसतो. टेस्टर पेटला तर लाईट आहे असं धरा, नाही पेटला तर त्याचा काहीच अर्थ काढू नका. मल्टिमीटर किंवा दोन टोकांचा व्होल्टेज टेस्टर घ्यायचा, त्याच्यावर कॅट थ्री ६०० व्होल्ट (मीटरच्या सुरक्षेचा दर्जा) असं छापलेलं पाहिजे, रस्त्यावरचा दोनशे रुपयाचा पिवळा मीटर पॅनलमध्ये न्यायचा नाही. प्रोब कुठल्या भोकात आहे ते आधी बघायचं, काल कुणीतरी करंट मोजायला १० अँपिअरच्या भोकात घातलेला असतो आणि तुम्ही तसाच व्होल्टेज मोजायला दोन फेजवर टेकवला की तो मीटर नुसती तार होतो, सरळ शॉर्ट.

मग पद्धत अशी. आधी मीटर एखाद्या नक्की चालू असलेल्या ठिकाणी लावून बघा, दाखवतोय का. मग आपल्या कामाच्या जागी मोजा. मग परत त्याच चालू ठिकाणी लावून बघा, म्हंजे मधल्या मधे मीटर मेला नाही ना ते कळतं. थ्री फेजला मोजायचं म्हणजे फेज-फेज तीन, प्रत्येक फेज ते न्यूट्रल तीन, प्रत्येक फेज ते अर्थ तीन, आणि न्यूट्रल ते अर्थ एक, दहा रीडिंग झाले. कंटाळा येतो, खरंय, दीड-दोन मिनिटं जातात. त्यावर कंट्रोलच्या प्रत्येक वायरीचं वेगळं, माझा कोपर लक्षात ठेवा.

हे मोजणं पण खरं तर चालू लाईनवरचंच काम आहे, कारण बंद आहे हे कळेपर्यंत ती चालू धरलीय. ट्रेनीचा चालू लाईनशी संबंध यावा तो एवढाच, तोही शिकवणारा शेजारी असताना, आणि तसा तो आलाच पाहिजे नाहीतर शिकणार कसं. १००० व्होल्ट लिहिलेले रबरी ग्लोव्हज घालून, ते पण आधी फुगवून दाबून भोक नाही ना बघून (घरातले भांडी घासायचे नव्हेत आणि नुसते कातडी पण नव्हेत), खाली इन्शुलेटेड मॅट, चष्मा, आणि १००० व्होल्टची खूण असलेलीच हत्यारं. पक्कडीच्या दांड्यावर लाल प्लास्टिक आहे म्हणजे ती इन्शुलेटेड झाली असं नाही, ती नुसती हाताला मऊ लागावी म्हणून असते.

पाडलेल्या मेनला स्वतःचं कुलूप घालायचं आणि किल्ली स्वतःच्या खिशात. कंपनीत लॉकआऊटचं सामान नसेल तरी बहुतेक आयसोलेटरच्या दांड्याला कुलपाचं भोक असतं. पाटी पण लावा, 'माणसं काम करतायत, चालू करू नका', पण नुसत्या पाटीवर विसंबू नका, दुसऱ्या शिफ्टचा माणूस अंधारात येऊन पाटी न वाचता दांडा वर करतो. फ्यूज असतील तर काढून स्वतःजवळ ठेवा. दोघं काम करत असाल तर दोघांची दोन कुलपं.

आता कायदा. केंद्रीय विद्युत प्राधिकरणाचे सुरक्षेचे नियम आहेत, आधी २०१० चे होते, आता २०२३ चे, त्यांचं म्हणणं असं की चालू लाईनवर किंवा चालू उपकरणावर अधिकृत केलेल्या माणसाशिवाय कुणी काम करायचं नाही, आणि अशा माणसाला मदत पण करायची नाही. हे मदतीचं लक्षात ठेवा, 'तू नुसती बॅटरी धर' हे सुद्धा त्यात आलं. ट्रेनी अधिकृत नसतो, त्याच्याकडं वायरमनचा परवाना पण अजून नसतो. अप्रेंटिस कायदा १९६१ चा आहे, त्यात काम शिकताना अप्रेंटिसला इजा झाली तर भरपाईची जबाबदारी मालकाची असं कलम १६ मध्ये आहे. मिस्त्रीला कायदा ऐकवून भांडायला जाऊ नका, त्यानं काही साधत नाही, पण आपण मागतोय ती मेहरबानी नव्हे एवढं मनात पक्कं असू दे.

नाही म्हणायचं कसं हाच खरा अवघड भाग. 'मी करणार न्हाय' असं तोंडावर म्हणालात तर मिस्त्रीचा अपमान होतो आणि उद्यापासनं तुम्हाला झाडू मारायला लावतील. त्यापेक्षा कामाला हो म्हणा, पद्धतीला नको म्हणा. "मिस्त्री, करतो की, फक्त हे कुठनं पडतं ते दावा, मी पाडून कुलूप घालतो, दहा मिनिटात उरकतो." किंवा, "मला चालूवर जमत न्हाय अजून, तुमी बंद करून एकदा दावा, मग मी करतो." हे बोलणं रोजचं वाटतं, पण त्यात 'पाडणं' गृहीत धरलेलं असतं आणि समोरच्याला आता 'पाडू नको' असं मोठ्यानं, चार जणांत म्हणावं लागतं. बरेच जण तिथं थांबतात. तरीही म्हणाला तर सरळ सुपरवायझरकडं जा आणि विचारा, सर, पॅनल चालू ठेवून काम करायला सांगितलंय, परमिट (लेखी परवानगी) आहे का? व्हॉट्सॲपवर विचारलं तर आणखी बरं, लेखी 'हो' म्हणायला कुणाचाही अंगठा अडखळतो. आयटीआयच्या सरांना पण कळवा, तुम्हाला तिथं पाठवलंय त्यांनी.

प्रॉडक्शनचं कारण कधी कधी खरं असतं हे मी मान्य करतो. भट्टीत लोखंड वितळलेलं असताना लाईट पाडली तर माल आतच गोठतो, लाखांचं नुकसान, मी ते बघितलंय. पण म्हणूनच तसलं काम मेल्ट ओतून झाल्यावर किंवा सुट्टीच्या दिवशी धरतात, आणि अगदीच अडलं तर त्यासाठी शिकलेली माणसं असतात, चार महिन्यांचा पोरगा नसतो. कॉन्टॅक्टर बदलायला मात्र जेवणाची सुट्टी पुरते. शिरोलीच्या त्या पोरानं तेच केलं, साडेबाराला पाडलं, बारा मिनिटं लागली, मिस्त्री जरा कुरकुरला आणि मग त्यानंच टर्मिनल घट्ट कसे करायचे ते दाखवलं.

२०१९ आणि २०२१ च्या महापुरानंतर मी बघितलं, पाणी ओसरलं की घरात-दुकानात लोक बोर्ड पुसून लगेच मेन वर करायला बघायचे आणि वायरमनच्या हाताखालच्या पोरांना ओल्या भिंतीवर चालू लाईन शोधायला लावायचे. बुडालेला बोर्ड, स्टार्टर, मोटर कोरडी दिसली तरी आत गाळ असतो, मेगर लावून इन्शुलेशन बघितल्याशिवाय लाईट द्यायची नाही आणि एमसीबी-आरसीसीबी बुडाल्या असतील तर बदलायच्याच.

आणि एवढं करून कुणाला बसलाच तर. धावत जाऊन त्याला धरायचं नाही, तुम्ही पण चिकटाल. आधी लाईट पाडा. ते जमत नसेल तर कोरडं लाकूड, कोरडा प्लास्टिकचा पाईप घेऊन वायर बाजूला ढकला, पण हे फक्त घरातल्या-पॅनलच्या व्होल्टेजला, खांबावरच्या ११ हजारच्या वायरीजवळ लाकूड घेऊन पण जायचं नाही, लांब थांबायचं आणि वरनं लाईन बंद करून घ्यायची. माणूस सुटला आणि हाक मारून उठत नाही, नीट श्वास घेत नाही, तर १०८ ला फोन लावायला एकाला सांगा आणि दुसऱ्यानं लगेच सीपीआर सुरू करा. कोल्हापुरात सीपीआर म्हटलं की प्रत्येकाला प्रमिलाराजे हॉस्पिटलच आठवतं आणि माणसाला रिक्षात घालायची घाई होते, पण दसरा चौकापर्यंत पोचायच्या आधी छाती दाबायचा सीपीआर लागतो. सपाट जमिनीवर उताणा झोपवा, छातीच्या मध्यावर तळहाताची टाच ठेवा, दुसरा हात वर, कोपर सरळ, पाच ते सहा सेंटिमीटर खोल, मिनिटाला १०० ते १२० वेळा, आणि ॲम्ब्युलन्स येईपर्यंत थांबायचं नाही, दमला तर दुसऱ्यानं घ्या. तोंडानं श्वास द्यायला येत नसेल तर नुसतं दाबत राहा.

उठून बसला, हसला, "काय न्हाय झालं" म्हणाला तरी दवाखान्यात न्या आणि ईसीजी काढायला सांगा, विशेषतः करंट एका हातातनं दुसऱ्या हातात गेला असेल, चिकटून राहिला असेल किंवा बेशुद्ध पडला असेल तर. विजेचा चटका बाहेर रुपयाएवढा दिसतो पण आतलं मांस जळलेलं असू शकतं, पुढच्या एक-दोन दिवसांत लघवी काळ्या चहासारखी झाली तर परत लगेच जायचं. डॉक्टरला सांगा किती व्होल्ट, कुठनं लागला, कुठनं निघाला, किती वेळ चिकटला होता. आणि कंपनीनं अशा अपघाताची खबर विद्युत निरीक्षकाला द्यायची असते, माणूस गेला असेल तर २४ तासांच्या आत, आणि इतर अपघातांचा लेखी अहवाल ४८ तासांच्या आत. तोवर ते पॅनल कुणी आवरून ठेवायचं नाही, वायर जिथं लोंबकळतेय तिथंच राहू दे, फोटो काढून ठेवा.